कॅसेटच्या शेवटी उरलेली मिनिटं

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची असते, असं सगळेच धरून चालतात. ती नेमकी तीस मिनिटांची कधीच नसते, हे मला माझ्या घरमालकांनी सांगितलं. टेप कुणी बनवली आहे त्यावर ती वीस-पंचवीस सेकंद जास्त चालते. "ते वरचे सेकंद धरायचे नाहीत," ते म्हणायचे. "ती कंपनीची मेहेरबानी आहे. मेहेरबानीच्या भरवशावर गाणं टाकलं, की ऐन शेवटच्या ओळीला टेप संपती."

त्यांचा धंदा कॅसेट भरून द्यायचा होता. गुलमंडीत कापडाच्या दोन दुकानांच्या मधे त्यांचं चार फूट रुंदीचं दुकान होतं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी देऊन जायचं आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचं. भरायचं काम ते घरी करायचे, गारखेड्यात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. त्या घराच्या पहिल्या मजल्यावर मी बायकोबरोबर दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. दिवसभर नटबोल्ट मोजायचे आणि कार्डावर लिहायचे. त्यामुळे असेल, त्यांचं माझं जमलं. त्यांना मी काका म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे, पण त्यात मान किती आणि थट्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी सांगतोय त्या काळात सीडी आली होती आणि कॅसेट भरून घेणारे निम्म्याने कमी झाले होते. काकांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यांचं लक्ष धंद्यात नव्हतंच. त्यांचं लक्ष कॅसेटच्या शेवटी उरणाऱ्या मिनिटांत होतं.

गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवरच्या गाण्यांची बेरीज तीसला येत नाही. कधी सत्तावीस होते, कधी साडेसव्वीस. उरलेल्या तीन मिनिटांत बाकीचे दुकानदार पुढचं गाणं सुरू करायचे आणि ते मधेच तुटायचं, नाहीतर टेप कोरी सोडायचे. काकांना दोन्ही नामंजूर होतं.

"अर्ध्यात गाणं तोडणं म्हणजे माणसाला अर्ध्या जिन्यात उभं करून लाइट घालवणं," ते म्हणायचे.

"मग कोरी सोडावी."

"कोरी? कोरी टेप फिरताना कधी बघितलीय का, साहेब? माणूस म्हातारा होतो तेवढ्यात."

म्हणून त्या उरलेल्या मिनिटांत ते आपल्या पसंतीचं एक गाणं टाकायचे. न विचारता आणि फुकट. ते गाणं कायम एकाच तबकडीतलं असायचं.

ती तबकडी परदेशी होती. चार पोरांच्या एका बँडची पहिली तबकडी. अशा गाण्यांची एक नवी लाट तिकडे काही वर्षं आली आणि ओसरली, असं मला काकांच्या एका गिऱ्हाइकाने, विद्यापीठातल्या मुलाने, सांगितलं होतं. कव्हर एकाच फिक्या रंगाचं होतं. त्यावर चार जण भिंतीला टेकून उभे. कुणी हसत नाही. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. काका म्हणायचे, "मला हे आधी कव्हरवरच आवडले. जिल्हा परिषदेत नोकरीला असल्यासारखे दिसतात."

गाणी अकरा. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला पाच. सगळी मिळून चौतीस मिनिटांना दहा सेकंद कमी. दहा गाणी तीन मिनिटांच्या आतबाहेरची, म्हणजे कॅसेटच्या शेवटी बसतील अशीच. काकांना इंग्रजी दुकानावरच्या पाटीपुरतं येत होतं. त्यांनी गाण्यांना आपली नावं ठेवली होती. सायकलची चेन. तिकिटाची रांग. पोस्टमन. उलटा पंखा. डबा विसरला. काकू रागावल्या. अकरावं गाणं, दुसऱ्या बाजूचं शेवटचं, पाच मिनिटं वीस सेकंदांचं होतं. त्याला नाव नव्हतं. ते नुसतं 'मोठं'.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते घाईत असल्यासारखे वाटले. गिटार तुटक वाजते, गाणारा उचकी लागल्यासारखा गातो, आणि गाणं संपतं तेव्हा आपण अजून बसतोच आहोत. सहा-सात वेळा ऐकल्यावर दिसायला लागलं, की यात जादा काहीच नाही. प्रत्येक वाद्याला एकच काम आहे आणि ते काम झालं की ते गप्प बसतं. पोस्टमनमध्ये दुसऱ्या कडव्यानंतर ढोलाचा एक ठोका वाजतच नाही. तो न वाजलेला ठोका ऐकण्यासाठी मी ते गाणं किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद मी ठेवलेली नाही, आणि मी सहसा मोजदाद ठेवतो.

"ह्या पोरांची दुसरी रेकॉर्ड आहे," ती घेऊन आलेला विद्यापीठातला तो मुलगा एकदा म्हणाला. "काका, ही जास्त चालली."

काकांनी कव्हर हातात घेतलं, लांब धरलं, परत दिलं. "नको."

"ऐका तरी."

"ह्यात ते हसायलेत."

"म्हणजे?"

"पहिल्या वेळी त्यांना ठाऊक नव्हतं कुणी ऐकणारंय म्हणून. ऐकणारंय हे कळलं, की माणूस फोटोत हसतो. जा घेऊन."

ही तबकडी त्यांच्याकडे आली फर्दापूरला. तरुणपणी ते तिथल्या एका लॉजवर होते आणि दिवसा लेण्यांत आरसा धरायचे. बाहेरचं ऊन आरशावरून आत चित्रांवर टाकायचं, हे तिथलं जुनं काम. एक गोरा मुलगा लॉजवर उतरला आणि पोट बिघडून आठ दिवस आडवा झाला. काकांनी त्याला दहीभात भरवला. जाताना त्याने पिशवीतून ही तबकडी काढून दिली. एवढ्या लांब प्रवासात तबकडी कशाला आणली होती, असं मी विचारलं. "मीपण विचारलं होतं," काका म्हणाले. "म्हणे घरी ठेवली असती तर भावानं विकली असती." काकांकडे तेव्हा ती वाजवायला यंत्र नव्हतं. तीन वर्षं त्यांनी ती नुसती बघितली. यंत्र मिळालं आणि मग हा धंदा सुरू झाला, असा क्रम आहे. लोकांना उलटा वाटायचा.

पूर्ण तबकडी त्यांनी कुणाला कधी भरून दिली नाही. स्वतःसाठीही नाही. "कॉपी असली की माणूस असलीला जपत नाही," हे त्यांचं म्हणणं. पूर्ण ऐकायची असेल तर गच्चीवर या, पाणी प्या, बसा. आणि टेपवर हवं असेल तर उरलेल्या मिनिटांत मिळेल तेवढं.

त्या वर्षांत पाऊस सलग कमी झाला होता. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, ते चाळीस मिनिटं. गारखेड्यात दर महिन्याला नवी इमारत उभी राहत होती आणि पाइप तोच होता. काकांनी यातही तबकडी आणली. नळाला पहिला फुसकारा आला, की ते गच्चीवर सुई ठेवायचे आणि कठड्यावर लाऊडस्पीकर. तबकडी चौतीस मिनिटांत संपायची, म्हणजे पाणी जायला सहा मिनिटं उरली. आमच्या गल्लीतल्या बायका घड्याळ बघत नव्हत्या. "मोठं लागलं गं! नळी काढ, प्यायचं भरून घे," अशी हाक एका दारातून दुसऱ्या दारात जायची. त्या बायकांना इंग्रजी येत नव्हतं, पण मोठं गाणं कुठून सुरू होतं हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

काकू मात्र वैतागलेल्या असायच्या. "तीस वर्षं झाली लग्नाला," त्या माझ्या बायकोला सांगायच्या. "माझ्या माहेरच्या माणसांची नावं ह्यांना येत नाहीत. ह्या चौघांची तोंडपाठ."

आता त्या उन्हाळ्याबद्दल.

पत्र्याच्या खोलीत कोपऱ्यात एक निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं, दोनशे लिटरचं, बुडाला नळ असलेलं. त्याला भोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं असायचं. "साहेब, ह्या पिंपातलं पाणी काढायचं नाही," एवढं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. मी ते घरमालकाचा चिकटपणा समजलो. खरं कारण असं, की उन्हाळ्यात त्या खोलीत गार राहणारी एकच जागा होती, ती म्हणजे भरलेल्या पिंपाचं झाकण. तबकडी उन्हाळाभर त्या झाकणावर आडवी ठेवलेली असायची, वरून एक जुनी चादर.

मे महिन्यात काका-काकू दोन दिवसांसाठी लग्नाला गावी गेले. त्याच वेळी नळाला चौथ्या दिवशी पाणी आलं नाही. पाचव्या दिवशीही नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशीच संपला. माझी मुलगी तेव्हा एकोणीस दिवसांची होती. मी गच्चीवर गेलो. पिंप निम्म्याहून थोडं जास्त भरलेलं होतं. बुडाच्या नळाने पंधरा लिटरची एक बादली काढली. मग दुसरी. दोन दिवसांत सात काढल्या. झाकणाला हात लावायची वेळच आली नाही. गोणपाट केव्हा वाळलं ते मी पाहिलं नाही. डोक्यावर तीन फुटांवर पत्रा, खोली बंद, आणि पिंप रिकामं.

तबकडी परातीसारखी झाली. काकांनी ती दोन काचांमध्ये दाबली, वर पाटा ठेवला, दोन दिवस वाट पाहिली. मग सुई ठेवली. सुई चढली, घसरली, चढली, घसरली. पहिल्या गाण्याचा एक शब्दही सलग आला नाही.

मी त्यांच्यासमोर गेलो. "काका, पिंपातलं पाणी मी काढलं. सात बादल्या."

"कशाला?"

"बाळाच्या आंघोळीला. आणि दुपटी धुवायला."

ते बराच वेळ तबकडीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "मग बरोबर आहे," ते म्हणाले.

"वर रेकॉर्ड आहे हे तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाणी काढलं नसतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग पोरीनं काय करायचं होतं?"

ते मला रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बरं झालं," काकू आतून म्हणाल्या. "आता तरी ह्या घरात दुसरं काही वाजंल." पण दुसरं काही वाजलं नाही. काकांनी आठ दिवस दुकान उघडलं नाही. उघडलं तेव्हा कॅसेटी भरून दिल्या, पण शेवटची मिनिटं कोरी सोडली. नळाला पाणी आलं त्या दिवशी शेजारची बाई खालून ओरडली, "ओ काका! गाणं नाय लावलं व्हय? माझं पिंप निम्मंच ऱ्हायलं की!" काका गच्चीवर उभे होते. त्यांनी तिला हात केला आणि आत निघून गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक भांडायला घरापर्यंत आलं. मोटार गॅरेजवाला, किराडपुऱ्याचा. हातात कव्वालीची कॅसेट. "चाचा, ये क्या है? इसमें वो आखरी का टन-टनवाला नई डाले."

"खतम हो गया वो," काका म्हणाले.

"खतम कैसे? मेरे पास पुरानी तीन कॅसेटों में है. उसके बगैर कव्वाली पूरी नई होती, मियाँ."

तो गेल्यावर मी काकांची वही मागितली. भरलेल्या प्रत्येक कॅसेटची त्यात नोंद होती. माणसाचं नाव नाही, खूण. 'गॅरेजवाला'. 'मास्तरीण, समर्थनगर'. 'पत्र्याची पेटीवाला'. पुढे दोन रकाने: किती उरलं आणि काय टाकलं. मी ती वही दोन संध्याकाळी वाचली, एका कागदावर एकेका गाण्याची एक अशा अकरा ओळी पाडल्या, ते कुणाकडे असेल ते पुढे लिहिलं आणि त्या कागदासह वर गेलो.

"काका, तुमची रेकॉर्ड वाया गेलेली नाही. ती गावात वाटली गेलीय. गोळा करता येईल."

त्यांनी कागद पाहिला. मग उठून दोन कॅसेटी बसणारा टेपरेकॉर्डर फडक्याने पुसायला घेतला.

पाच रविवार आम्ही फिरलो. मी स्कूटर चालवायची, त्यांनी मागे टेप मांडीवर घेऊन बसायचं. गॅरेजवाल्याकडे तीन गाणी एकदम मिळाली आणि वर चहा. समर्थनगरच्या मास्तरीणबाई सत्तरीच्या होत्या. त्यांच्या हरिपाठाच्या कॅसेटच्या शेवटी सायकलची चेन होतं. कॅसेट घराबाहेर न्यायला त्यांनी साफ नकार दिला. "इथंच बसा आणि काय ते भरून घ्या. आमच्याकडे हरिपाठ झाल्यावर ते लागतं, मग मी कुकर लावते. इतकी वर्षं मला वाटत होतं ते तुमच्या दुकानाचं काही असेल. आकाशवाणीचं असतं तसं." एका किराणा दुकानदाराने आम्हाला दारातच अडवलं. "तुम्हीच का ते? मी दोनदा टेप दुरुस्तीला टाकला राव! लता ऐकता ऐकता मधेच ते ठणाठणा." त्याने उलटा पंखा पुसून त्यावर आपल्या पुतण्याची कविता भरली होती. काकांनी ती कविता पूर्ण ऐकून घेतली, वाजवण्याचा वेग बरोबर आहे म्हणाले, आणि आम्ही निघालो. उलटा पंखा दुसरीकडे मिळालं.

पाचव्या रविवारी कागदावरच्या दहा ओळींना खूण झाली. मोठं राहिलं.

ते का राहिलं हे मला कागद करतानाच कळलं होतं, मी बोललो नव्हतो. पाच मिनिटांहून जास्त उरलं, तर काका गिऱ्हाइकाला बोलावून चिठ्ठीत अजून एक गाणं वाढवायला सांगायचे. ती गिऱ्हाइकाची वेळ होती, त्यांनी ती कधी घेतली नाही. म्हणजे उरलेलं कायम पाचच्या आत, आणि मोठं पाच-वीसचं. ते कुणाच्याच कॅसेटवर बसू शकत नव्हतं. ज्या गाण्यासाठी गल्ली पाणी धरून उभी राहायची, ते त्यांच्याच इमानदारीमुळे कुठंही उरलेलं नव्हतं.

मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यातल्या चार वर्षांत मोठ्याची एकच नोंद सापडली. 'मेंढरंवाला. बिरोबाची गाणी. उरलेलं सहा. टाकलं मोठं.'

"आठवतोय," काका म्हणाले. "त्याला फक्त बिरोबाचंच पाहिजे होतं. माझ्याकडं होती तेवढी टाकली, चोवीस मिनिटं झाली. म्हटलं अजून काही सांग, एखादं लग्नाचं, पिक्चरचं. म्हणाला, दुसरं नगं. म्हणून टाकलं."

तो पैठण रस्त्याकडच्या गावाचा होता. तिथं गेलो तर वाडी अर्धी रिकामी. चारा नाही, पाणी नाही, मेंढरं विकून माणसं शहरात बांधकामावर गेलेली. एका म्हातारीने सांगितलं, तो तुमच्याच शहरात आहे. शोधत आलो, तर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, गारखेड्याच्या पलीकडे एक चार मजली इमारत चढत होती, तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत तो, त्याची बायको आणि दोन पोरं राहत होती. पस्तिशीचा, उंच, अंगावर सिमेंट. काकांना त्याने लगेच ओळखलं.

"या की. कॅशेट लई झ्याक हाय तुमची. अजून चालती."

"शेवटचं गाणं आहे का त्यावर?" काकांनी बसायच्या आधीच विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. मग पेटीतून कॅसेट काढून आणली. काकांनी ती हातात घेतली आणि त्यांचा हात थांबला. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन टिकल्या असतात. त्या तोडल्या की टेपवर दुसरं काही भरता येत नाही. काका त्या तोडूनच कॅसेट द्यायचे. पण तुटलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली, की पुन्हा भरता येतं. खाचेवर चिकटपट्टी होती.

"ही कुणी लावली?"

"म्या." तो खाली बसला. "रागावू नगा, काका. आमचे आप्पा गेल्या साली इथं आलते. दोन दिस ऱ्हायले. मेंढरं इकून म्हैनाच झालता तवा. म्हनलं, आप्पा, म्हना कायतरी. शेवटाला ते विंग्रजी व्हतं, त्याच्यावर घेतलं. मग दिवाळीच्या आत आप्पा गेले." त्याने हात पुढे केला, कॅसेट परत मागितल्यासारखा. "पुसनार नाय ना तुमी? आमच्याकडं त्यांचा फोटू बी नाय."

"ऐकू," काका म्हणाले.

आम्ही ऐकलं. बिरोबाचं शेवटचं गाणं संपलं. खट्ट आवाज झाला. मग एक म्हातारा आवाज, आधी खोकला, मग मेंढरांना घालायची हाळी. लांब, उतरत जाणारी. ती हाळी त्या बारा बाय दहाच्या पत्र्यात मावत नव्हती. मग बिरोबाच्या दोन ओळी, त्याच पुन्हा, मग मधेच, "ह्ये फिरतंय का नुसतं?" आणि मुलाचं "फिरतंय, म्हना." पुन्हा हाळी. मी सवयीने घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं चाळीस सेकंदांना म्हातारा म्हणाला, "बास का आता?" खट्ट झालं, आणि मोठं गाणं मधूनच सुरू झालं. त्याचं शेवटचं, जिथं गाणारा गप्प होतो आणि चौघं एकाच सुरावर पुढे पुढे जात राहतात, ते चाळीस सेकंद.

"ते बी पोरांला लई आवडतं," तो म्हणाला. "म्हनत्यात, आज्जा गाऊन दमला की बँड वाजतो."

ज्याच्यासाठी आम्ही सहा रविवार फिरलो ते आठवा हिस्सा उरलं होतं. पूर्ण गाण्यासाठी आलेला माणूस एवढ्याशा तुकड्याचं काय करतो, हे मी त्यांच्या तोंडावर पाहत होतो. त्यांच्याजवळ दुसरा टेप होता, वायर होती. ते शेवटचे चाळीस सेकंद उतरवून घेणं सोपं होतं.

"परत लाव," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी कॅसेट काढली आणि नखाने खाचेवरची चिकटपट्टी सोलली. दुसऱ्या बाजूचीही सोलली. दोन्हींची गोळी करून खिशात टाकली. "आता पुसता येणार नाही," ते त्याला म्हणाले. "तुलाही नाही आणि मलाही नाही. परत पट्टी लावायची नाही, कुणी काही म्हणो. एक विचारतो. तुझ्या आप्पांना मी माझ्याकडं उतरवून घेऊ का?"

"आप्पांला? तुमी काय करनार?"

"वाजवीन."

तो हसला. "वाजवा की. आमच्या आप्पांला कोन वाजवतंय?"

काकांनी हाळीच्या आधीच्या खोकल्यापासून गाणं थांबेपर्यंत सगळं उतरवलं. परत येताना स्कूटरवर मी म्हणालो, "नुसते शेवटचे चाळीस सेकंद घेता आले असते."

"अर्ध्यातून गाणं मी देत नाही, साहेब. मग घेऊ कसं?"

त्यानंतर नळाला पाणी यायचं तेव्हा गच्चीवर ती जुळवलेली टेप वाजायची. दहा गाणी, प्रत्येकाच्या आधी कुणाच्या तरी हरिपाठाचा किंवा कव्वालीचा शेपटाएवढा आवाज, आणि अकराव्या जागी आप्पा. वेळ जवळजवळ तेवढाच, चौतीसच्या आसपास. दोन-तीन पाळ्यांत गल्लीची हाक बदलली. "आज्जा लागला गं, नळी काढ!" काकू पहिल्या दिवशी कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या, हाळी संपेपर्यंत. "हा माणूस बरा आहे," एवढंच म्हणाल्या. मेंढरंवाला एका पाळीला पोरांना घेऊन खाली रस्त्यावर येऊन उभा राहिला होता. इमारत पूर्ण झाली तेव्हा तो दुसऱ्या साइटवर गेला. कुठल्या ते कळलं नाही.

पुढे मी फ्लॅट घेतला, बायपासच्या पलीकडे, जिथं तेव्हा ज्वारी होती. गुलमंडीतलं दुकान मोबाइलवाल्याने घेतलं. बारा वर्षांनी पुन्हा तसाच दुष्काळ पडला, आणि तेव्हा मी एका रविवारी काकांकडे गेलो. ते थकले होते, पण बुद्धी शाबूत होती. माझ्या फोनवर आता ती तबकडी होती. नाव कव्हरवरून मला पाठ होतं, ते टाकलं आणि अकराच्या अकरा गाणी समोर आली, स्वच्छ, कुणाचा हरिपाठ नाही की काही नाही. माझ्या सात बादल्यांनी जे गेलं होतं ते मला त्यांना परत द्यायचं होतं. एवढाच माझा हेतू होता.

"मोठं लावतो," मी म्हणालो. "पूर्ण."

त्यांनी फोन घेऊन उशीवर ठेवला. गाणं सुरू झालं. सुरुवात मला आठवत होती त्यापेक्षा हळू होती. काका डोळे उघडे ठेवून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी बोट वर केलं, पुढे काय येणार आहे ते ठाऊक असल्यासारखं, आणि ते आलं. काकू दारात येऊन थांबल्या.

"तेच का हो हे?" त्यांनी विचारलं.

"तेच. असली," काका म्हणाले. गाणारा शेवटची ओळ म्हणत होता. ती संपली आणि तो गप्प झाला, तसा काकांनी हात लांबवून फोन माझ्याकडे दिला. "बंद करा, साहेब."

"अजून आहे, काका. संपलेलं नाही."

"आपल्याकडं नव्हतं ते एवढंच. पुढचं आहे, आप्पांच्या मागं."

मी बंद केलं. फोनवर चार मिनिटं बेचाळीस सेकंद दिसत होते. उरलेले अडतीस सेकंद मी त्या फोनवर अजून ऐकलेले नाहीत.